‘एमसीए टाकून देऊ का, काका?’

जुलैतली दुपार. परभणीच्या बसस्थानकाजवळच्या एका नेट कॅफेत पाऊस सुरू झाला की माणसं दाटतात. छत्र्यांचं ठिबकणारं पाणी, झेरॉक्सच्या गरम कागदाचा वास, प्रिंटरची करकर, आणि त्यातच एकेक घर आपल्या लेकराचं पुढचं ठरवत असतं. त्या दुपारी एक बाप-लेक आले. बापाच्या चपलांना काळ्या रानाचा चिखल, मुलीच्या हातात प्लास्टिकची फाइल. ‘पोरगी बीसीएस झाली. सीईटी बी दिलीय. आता पुढचं काय टाकावं म्हणून आलाव,’ बाप म्हणाला. टीसी स्कॅनरवर पालथी घालता घालता ऑपरेटरनं विचारलं, ‘एमसीए टाकून देऊ का, काका? समदेच तेच टाकायलेत.’ बापानं मुलीकडं पाहिलं, मुलीनं स्क्रीनकडं. एमसीएचा, म्हणजे संगणकातल्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीचा, फॉर्म भरायला सुरुवात झाली.

यात कुणाचं चुकलं असं म्हणवत नाही. प्रवेशाच्या तारखा, दाखल्यांची मुदत, कोणत्या रकान्यात काय लिहायचं, हे त्या ऑपरेटरइतकं आसपास कुणालाच ठाऊक नसतं, आणि असे फॉर्म भरून त्यानं कितीतरी मुलांची वर्षं वाचवलेली असतात. तरी मनात रुतून राहिलं ते एवढंच की दोन वर्षांचा आणि काही लाखांचा निर्णय एका स्कॅनच्या वेळात झाला, आणि त्यात एक साधा प्रश्न आलाच नाही. या मुलीचं नेमकं काय अडलंय?

आपल्याकडं पदवीनंतरचा उन्हाळा फार जड जातो. लातूर, नांदेड, बीड, हिंगोलीची बीसीएस-बीसीए या संगणकाच्या पदव्या झालेली मुलं रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला जातात, वाकड-हिंजवडीकडं मित्राच्या खोलीत गादी टाकतात, महिनाभर अर्ज करतात आणि परत येतात. गावात पारावर, लग्नात, किराणा दुकानात एकच विचारणा : काय करायलास सध्या? ‘एमसीए करायलोय’ हे उत्तर दिलं की समोरचा मान डोलावतो, घरातल्यांची मान ताठ राहते. या उत्तरानं मिळणारा दिलासा खोटा नसतो. बिनकामाचा शिक्का बसलेल्या मुलाचं घरातलं जेवणही कसं कोरडं होतं हे ज्यांनी जवळून पाहिलंय, ते या दिलाशाला हलकं म्हणणार नाहीत. पण दोन वर्षांनी तीच विचारणा पुन्हा येते, तेव्हा वय वाढलेलं असतं आणि बहुतेकदा कर्जही.

म्हणून आधी बघावं की नकार नेमका कुठं मिळतोय. एका वहीत प्रत्येक अर्जासमोर कंपनी, पद आणि गाडी कुठं अडली ते लिहायचं : अर्जच घेतला नाही, ऑनलाइन परीक्षेत गेलं, टेक्निकल राउंडला गेलं, की एचआरपाशी. पंधरा-वीस अर्जांनंतर ही वही बोलायला लागते. ‘फक्त बीई-बीटेक-एमसीए’ अशा ओळीवरच बहुतेक अर्ज अडत असतील, तर पदव्युत्तर पदवी त्यावर खरा इलाज आहे. ॲप्टिट्यूडच्या चाचणीत जात असेल, तर तीन महिने रोज दोन तास सराव लागतो, दोन वर्षं लागत नाहीत. आणि टेक्निकल राउंडला जात असेल, तर तिथं काय घडलं ते प्रामाणिकपणे लिहावं. इनर जॉइन आणि लेफ्ट जॉइनमधला फरक दोन छोटी टेबलं काढून दाखवता आला नाही. लिंक्ड लिस्ट उलटी करायला सांगितली, पाठ केलेला कोड अर्ध्यात विसरला. स्वतःच्याच प्रोजेक्टमधल्या टेबलाची प्रायमरी की कोणती ते आठवलं नाही. ही अडचण कुठलीही पदवी आपोआप दूर करत नाही, कारण हे सगळं पहिल्या पदवीत एकदा शिकवून झालेलंच असतं.

काही ठिकाणी मात्र पदव्युत्तर पदवीवाचून खरोखरच आत जाता येत नाही, आणि ती ठिकाणं नावानिशी माहीत असावीत. सरकारी बँकांमधला आयटी ऑफिसर घ्या. बँकांची भरती घेणाऱ्या आयबीपीएसच्या स्पेशालिस्ट ऑफिसर भरतीत या पदाला चार वर्षांची अभियांत्रिकी पदवी किंवा संगणक-आयटीतली पदव्युत्तर पदवी लागते, किंवा कुठल्याही पदवीसोबत नाइलिट या सरकारी संस्थेची ‘बी’ लेव्हल परीक्षा. वय २० ते ३०. नुसत्या तीन वर्षांच्या बीसीएसवर हा अर्ज भरताच येत नाही. एमसीए किंवा एमएस्सीनंतर येतो. आपल्याकडं बँकेच्या परीक्षांसाठी वर्षानुवर्षं अभ्यासिकेत बसणारी मुलं आहेत. त्यांतली संगणकाची पदवी असलेली मुलं क्लार्क-पीओच्या प्रचंड गर्दीत उभी राहतात आणि या रांगेकडं त्यांचं लक्षच जात नाही.

दुसरं ठिकाण सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं. ‘एमसीए कशाला, सहा महिन्यांचा डॅक करून टाक’ असा सल्ला पुण्याहून आलेला कुणीतरी हमखास देतो. सल्ला वाईट नाही. पीजी-डॅक, म्हणजे तिथला प्रगत संगणनाचा अभ्यासक्रम, सुमारे सहा महिने दिवसभर कस काढतो, आणि त्याच्या प्लेसमेंटला कंपन्या येतात. पण प्रवेशाला अभियांत्रिकी पदवी, एमसीए, संगणक किंवा आयटीतली एमएस्सी असं काहीतरी लागतं. नुसत्या बीसीएस-बीसीएवर तिथं बसता येत नाही, हे मुलांना फार उशिरा, बहुधा अर्ज उघडल्यावरच कळतं. शिवाय पीजी-डॅक हा डिप्लोमा आहे. बँकेच्या आयटी ऑफिसरसाठी किंवा सेट-नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षांसाठी तो पदव्युत्तर पदवी म्हणून चालत नाही.

तिसरं ठिकाण प्राध्यापकीचं, आणि त्याबद्दल जरा थांबून बोलायला हवं. सेट किंवा नेटला पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के लागतात, राखीव गटांना ५० टक्के. एमएस्सी आणि एमसीए, दोन्ही चालतात. पण सेट पास झाल्यानंतरची वाट आपल्या भागात अवघड आहे. बीसीएस-बीसीएचे वर्ग बहुतांश स्वयंअर्थसहाय्यित आहेत, कायम पदं थोडी, आणि तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला घेतलेल्या तासाचेच पैसे मिळतात. उन्हाळ्याची सुटी लागली की मिळकत थांबते. इतकं असूनही शिकवण्याची ओढ असलेली मुलं दरवर्षी सेटला बसतात आणि आपल्या तालुक्यातल्या वर्गावर जीव तोडून शिकवतात. त्यांच्याबद्दल मनापासून आदर वाटतो. पण घरच्यांना ‘प्राध्यापक होणार’ असं सांगून ज्याला एमएस्सीला घालायचं, त्याला तासिकेचं गणित आधी सांगायला हवं. अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवायचं तर वाट वेगळी, तिथं बीईनंतर एमटेक लागतं. गेट या प्रवेशपरीक्षेचा स्कोअर असला तर मान्यताप्राप्त एमटेकला महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं आणि स्कोअर तीन वर्षं चालतो. बीई झालेल्यानं एमसीएकडं वळून वेगळं काही हाती लागत नाही.

गणित घेऊन बीएस्सी केलेला, किंवा बारावीला गणित असलेला बीकॉम-बीएचा मुलगा असेल, तर मात्र सगळा हिशेबच बदलतो. संगणकाच्या पायाभूत विषयांचा ब्रिज कोर्स करून त्याला एमसीएला बसता येतं आणि त्याच्यासाठी ही पदवी म्हणजे या क्षेत्रातला पहिलाच प्रवेश असतो. अशा मुलानं फार का-कू न करता घ्यावी, असंच माझं मत. फक्त पहिल्या सत्रात सी भाषा आणि डेटा स्ट्रक्चर एकदम अंगावर येतात. प्रवेश पक्का झाल्यापासून वर्ग सुरू होईपर्यंतच्या दीड-दोन महिन्यांत लूप, ॲरे, फंक्शन आणि पॉइंटर एवढं हातानं लिहून काढलं, तर बॅकलॉगची, म्हणजे राहिलेल्या विषयांची, साखळी लागत नाही. ज्यांची ती लागते, त्यांची बहुधा पहिल्याच सत्रात लागते, आणि ‘एकही बॅकलॉग नको’ या अटीवर नंतर कंपन्या हातच्या जातात.

बीसीएसच्या मुलाला याच्या उलट अनुभव येतो. पहिल्या वर्षातलं बरंचसं ओळखीचं निघतं : डीबीएमएस, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क, जावा, सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग. ओळखीचं वाटतं म्हणून अभ्यास होत नाही, आणि तिथंच ही पदवी हातातून निसटायला लागते. २०२०-२१पासून एमसीए तीन वर्षांचं दोन वर्षांवर आलं. चार सत्रांतलं शेवटचं पुष्कळ ठिकाणी इंटर्नशिप आणि प्रोजेक्टमध्ये जातं, कंपन्या तिसऱ्या सत्रात यायला लागतात. म्हणजे पहिल्या मुलाखतीपर्यंत हातात जेमतेम एक वर्ष. त्या वर्षात एखादं ॲप्लिकेशन मुळापासून बांधून, ते सर्व्हरवर चढवून, चार माणसांना वापरायला दिलेलं असलं तर मुलाखतीत बोलायला काही राहतं. चार माणसं वापरायला लागली की जे बिघडतं तेच खरं शिक्षण. दोघांनी एकाच वेळी नोंद केली आणि एकाची पुसली गेली. मोबाइलवर पान तुटलं. पासवर्ड टेबलात जसाच्या तसा साठवलेला निघाला. प्रोजेक्ट तयार विकत मिळतात, स्पायरल बाइंडिंगसकट, हे सगळ्यांना माहीत आहे. परीक्षक पहिल्या दोन प्रश्नांत ते ओळखतात आणि पुष्कळदा सोडून देतात. मुलाखत घेणारा सोडत नाही.

एमएस्सी की एमसीए, यावर नेट कॅफेत वाद चालतात त्यापेक्षा फरक साधा आहे. एमसीए हा व्यावसायिक अभ्यासक्रम. सीईटी द्यायची, मग कॅप राउंड, म्हणजे केंद्रीकृत प्रवेशाच्या फेऱ्या, आणि कंपन्यांच्या जाहिरातीत बीईच्या शेजारी त्याचं नाव छापलेलं असतं. एमएस्सी विज्ञान शाखेतली, प्रवेश विद्यापीठाकडून. संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा विभाग किंवा नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचं संकुल, अशा ठिकाणी फी आवाक्यात राहते. नव्या शैक्षणिक धोरणात दोन वर्षांच्या एमएस्सीतून पहिल्या वर्षानंतर पदव्युत्तर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं, आणि चार वर्षांची ऑनर्स पदवी केलेल्याला पदव्युत्तर एका वर्षाचंच. मध्येच नोकरी लागण्याची आशा असलेल्या मुलाला ही पायरी कामाची आहे. सेट-नेट किंवा बँक डोळ्यांसमोर असेल तर एमएस्सी पुरते. कंपनीत अर्ज अडत असतील तर एमसीए घ्यावं.

पैशांचा हिशेब कागदावर मांडून घरातल्यांसमोर ठेवावा. उदाहरणादाखल वर्षाची फी ८० हजार धरली, खोली-मेसचे महिना ७ हजार आणि वर्षाचे दहा महिने, तर दोन वर्षांचे ३ लाख होतात. हातात १५ हजारांची नोकरी असेल आणि ती सोडायची असेल, तर २४ महिन्यांचे ३ लाख ६० हजार आणखी. एकूण ६ लाख ६० हजार. पदवीनंतर महिना १० हजार जास्त मिळाले, तरी हे भरून यायला साडेपाच वर्षं. नोकरी नसेलच, तर बुडालेला पगार हिशेबात धरायचं कारण नाही आणि हेच ३ लाख अडीच वर्षांत निघतात. नोकरीवाला आणि बिननोकरीवाला, दोघांना एकच सल्ला देता येत नाही तो यामुळं. नोकरी असलेल्यानं ती टिकवून, मान्यता असलेल्या विद्यापीठाची दूरस्थ किंवा ऑनलाइन एमसीए करण्याचा विचार आधी करावा. इग्नूची आहे, आणखीही आहेत. मान्यता यूजीसीच्या यादीत त्या त्या वर्षाची पाहावी लागते. काही मोठ्या कंपन्या बीसीए-बीएस्सीच्या मुलांना नोकरीवर घेऊन स्वतःच्या खर्चानं एमटेक करवतात. विप्रोची योजना त्यातली ओळखीची. तिथं काही वर्षांचा करार असतो आणि मध्येच सोडलं तर पैसे भरावे लागतात, तेवढं कलम सही करण्याआधी घरी वाचून घ्यावं.

आपल्याकडं यात आणखी एक पेच पडतो, पुण्या-मुंबईच्या घरांना तो जाणवतही नाही. कॅपचे राउंड आणि फी भरायची तारीख येते जुलै-ऑगस्टात. तेव्हा घरातला पैसा बियाण्यात, खतात, फवारणीत मातीत गेलेला असतो. सोयाबीन येतं दसरा-दिवाळीला, तूर त्याच्याही पुढं, बसमतकडं हळद तर उन्हाळ्यात. २०२४-२५ साली सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, म्हणजे लाखभर रुपयांसाठी वीस क्विंटल, आणि त्या हंगामात बाजारात भाव त्याच्याही खाली राहिला. म्हणून कितीतरी घरं जुलैत सावकाराकडं जातात. ते टाळायचं तर बँकेची जुळवाजुळव मे-जूनमध्येच सुरू करावी लागते. शैक्षणिक कर्जाच्या विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज करून ठेवायचा, शाखेत जाऊन फाइल कुणाकडं आहे ते विचारत राहायचं. शैक्षणिक कर्जाचे हप्ते साधारणपणे अभ्यासक्रम संपून एका वर्षानं सुरू होतात, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढतं. पीक विकल्यावर वर्षातून एकदा नुसतं व्याज भरलं तरी शेवटी अंगावर पडणारा आकडा पुष्कळ हलका होतो.

सवलतींचं बघायचं तर सगळ्याचं मूळ एकाच ठिकाणी आहे : प्रवेश कॅपमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून सीट घेतली की महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या योजना जवळपास गेल्याच. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांना शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मी शिक्षण फी मिळते. २०२४-२५पासून त्याच मर्यादेत आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. अनुसूचित जातींची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अडीच लाख उत्पन्नापर्यंत. कागदपत्रांत घात होतो तो दोन ठिकाणी. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते आणि ते संपलेलं असल्याचं स्कॅन करतानाच कळतं. आणि जात पडताळणी : पावतीवर अर्ज पुढं जातो, पण दिलेल्या तारखेपर्यंत मूळ वैधता आली नाही की मुलगा खुल्या गटात जातो, यादीत खाली पडतो. जात वैधता पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या दिवाळीतच हातात असावी, आणि नॉन-क्रीमीलेअर मार्चअखेर संपत असेल तर लगेच नवं काढून ठेवावं.

कॉलेजांचा पसंतीक्रम भरायच्या ऑप्शन फॉर्मवर तर सगळ्यांत कमी वेळ दिला जातो. पहिल्या राउंडला पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की ते आपोआप गोठतं, पुढच्या राउंडला बदलता येत नाही. म्हणून पहिल्या क्रमांकावर तेच टाकावं जिथं खरोखर जायचंय. ‘बघू लागतंय का’ म्हणून टाकलेलं नाव गळ्यात पडतं. फीचा आकडा शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असतो, तो कॉलेजच्या माहितीपत्रकाशी ताडून घ्यावा.

कोड लिहून देणारी साधनं आली, आता आयटीत जागा राहतील का, हीही भीती घराघरांत आहे, आणि ती अनाठायी नाही. नवख्याला दिलं जाणारं ठोकळेबाज काम पहिल्यांदा यंत्राकडं जातं. पण यंत्रानं लिहिलेला कोड कुठं चुकतोय हे वाचून सांगणारा माणूस लागतोच, आणि त्याला पाया पक्का लागतो. पदवीला राहून गेलेला पाया एमसीएत शांतपणे घालायचा असेल, तर ती दोन वर्षं सत्कारणी लागतील. नुसतं प्रमाणपत्र वर चढवायचं असेल, तर आताच्या दिवसांत त्याचा भाव पूर्वीपेक्षा कमीच मिळेल.

आणि तरीही मुलींच्या बाबतीत हा सगळा हिशेब अपुरा पडतो. आपल्या गावांत एकवीस वर्षांच्या मुलीला ‘नोकरी शोधायला पुण्याला जाते’ म्हणायची मुभा फार थोड्या घरांत आहे. ‘एमसीएला नंबर लागलाय’ म्हटलं की तोच बाप स्वतः ट्रंक उचलून संभाजीनगरला सोडायला येतो. लग्नाची बोलणी दोन वर्षं पुढं जातात. त्या दोन वर्षांत मुलगी स्वतःचं बँक खातं चालवते, रात्री लॅबमधून वसतिगृहावर येते, अनोळखी माणसासमोर बसून इंग्रजीत मुलाखत देते. नोकरी अमुक हजारांनी वाढेल की नाही यावरून या दोन वर्षांची किंमत काढता येत नाही. पदवीनं दुसरं काही दिलं नाही आणि एवढंच दिलं, तरी अशा मुलीनं ती घ्यावी असं मी ठामपणे म्हणेन. मात्र तिनं ऑप्शन फॉर्म भरताना आधी वसतिगृह बघावं. कॉलेजच्या आवारात मुलींचं वसतिगृह आहे का, त्यात पदव्युत्तरच्या मुलींना किती खाटा देतात, समाजकल्याणच्या शासकीय वसतिगृहाचे अर्ज कधी निघतात, आणि बाहेर खोली घ्यावी लागली तर स्वाधार किंवा पंजाबराव देशमुख निर्वाह भत्त्यात आपण बसतो का. हे फोन कॅपच्या पहिल्या यादीआधी करून ठेवायचे. फी माफ होऊनही सप्टेंबरमध्ये मुली परत येतात, त्यातल्या पुष्कळ जणी राहायला जागा न मिळाल्यानं आलेल्या असतात.